बायपासनंतर यकृताचे रिपोर्ट बिघडले, म्हणून सगळ्या गोळ्या बंद करायच्या का?

तुम्ही लिहिलेलं आधी एकत्र मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ४३. सोळा महिन्यांपूर्वी एका जोडाची गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे मिनी बायपास झाली आणि वजन ४८ किलो उतरलं. आता पाय सुजतात, दिवसाला पाच-सहा वेळा पातळ शौचाला होतं. रिपोर्टमध्ये एएलटी ९६ आणि एएसटी ८८ (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम), अल्कलाइन फॉस्फटेज (आणखी एक एन्झाइम) २१०, अल्ब्युमिन (यकृतात बनणारं रक्तातलं मुख्य प्रथिन) २.९, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) १.५, फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) ३४०, बी-१२ पंधराशेच्या वर आणि व्हिटॅमिन ए कमी. रोज मल्टिव्हिटॅमिन (त्यात व्हिटॅमिन ए १०,००० युनिट), लोह, कॅल्शियम, डी, व्हिटॅमिन एची वेगळी २५,००० युनिटची कॅप्सूल, केसांसाठी १० मिलिग्रॅम बायोटिन, ग्रीन टी अर्काची गोळी आणि एक लिव्हर टॉनिक चालू आहे. ओळखीच्या एकांनी सांगितलं की यकृतावर भार पडतोय, तीन महिने प्रोटीन पावडरसकट सगळं बंद कर. ते करायचं का, हा तुमचा प्रश्न. शस्त्रक्रिया उलटवता येते का, हेही विचारलं आहे.

नाही. सरसकट बंद करू नका, आणि प्रोटीन तर मुळीच नाही. दोन गोष्टी मात्र आजच थांबवा: ग्रीन टी अर्क आणि ते टॉनिक. एची वेगळी कॅप्सूल पुढच्या तपासण्या होईपर्यंत बाजूला ठेवा. बाकीचं का चालू ठेवायचं हे नीट सांगतो, कारण 'गोळ्यांमुळे यकृत बिघडलं' हा समज या आजारात माणसाला उलट्या दिशेने नेतो. सोळा महिन्यांनी अल्ब्युमिन २.९, पायांवर सूज आणि पातळ शौच हे तिन्ही एकत्र दिसले की पहिला संशय यकृताची उपासमार होतेय असाच घ्यावा लागतो.

यकृत चरबी साठवतं तशी ती रोज बाहेरही पाठवतं. पण चरबी रक्तात सुटी तरंगू शकत नाही. तिच्यावर प्रथिनाचं आवरण चढवून, पुडी बांधून पाठवावी लागते. ते प्रथिन यकृताने स्वतः बनवायचं असतं आणि त्यासाठी अमिनो आम्लं लागतात. कोलीन नावाचं अन्नातून मिळणारं पोषकद्रव्यही लागतं. कच्चा माल नसला की पुड्या बांधल्या जात नाहीत आणि चरबी पेशीतच अडकते. प्रथिनांअभावी सुजलेल्या कुपोषित मुलांचं यकृत चरबीने भरलेलं सापडतं, त्यामागेही हेच मोठं कारण आहे. बायपासच्या रुग्णात आणखी भर पडते: वजन झपाट्याने उतरताना अंगातली चरबी वितळून रक्तावाटे यकृताकडेच येते. आवक वाढलेली आणि जावक बंद, अशी ती अवस्था असते.

हा धडा वैद्यकाने फार महागात घेतला आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत जेजुनोइलियल बायपास नावाची शस्त्रक्रिया होत असे. जेजुनमचे (लहान आतड्याचा मधला भाग) सुमारे ३५ सेंटिमीटर इलियमच्या (लहान आतड्याचा शेवटचा भाग) शेवटच्या १० सेंटिमीटरला जोडायचे आणि मधलं सगळं आतडं बंद पिशवीसारखं बाजूला ठेवायचं. वजन उतरायचं, पण काही रुग्णांचं यकृत निकामी झालं, आणि १९८० च्या सुमारास ती पद्धत सोडून द्यावी लागली. दोन कारणं पुढे आली. एक प्रथिनांची उपासमार. दुसरं म्हणजे त्या बंद आतड्यात बेसुमार वाढलेले जिवाणू आणि त्यांची विषं, जी आतड्यातलं रक्त यकृताकडे नेणाऱ्या पोर्टल शिरेतून थेट यकृतात जात. मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक दिल्यावर अशा रुग्णांच्या यकृतातली चरबी कमी होताना दिसली, यावरून जिवाणूंचा हात स्पष्ट झाला. आजच्या पद्धतींत बाजूला ठेवलेल्या आतड्यातून पित्त वाहत राहतं, त्यामुळे ते तसं साचत नाही. बहुतेक रुग्णांचं चरबीयुक्त यकृत आजच्या बायपासनंतर सुधारतंच, आणि पहिल्या काही महिन्यांत एएलटी थोडं वाढून आपोआप उतरणं हे नेहमीचं. पण आतडं फार वगळलं गेलं की जुना आजार आजही उभा राहतो.

म्हणून बरंच काही एका आकड्यावर अवलंबून आहे, आणि तो तुम्ही लिहिलेला नाही. शस्त्रक्रियेच्या नोंदीची पूर्ण प्रत मागवा. डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. तिच्यात किती सेंटिमीटर आतडं वगळलं आणि एकूण आतडं मोजलं होतं का, हे दोन्ही पाहा. मिनी बायपासमध्ये साधारण १५० ते २०० सेंटिमीटर वगळतात. पण लहान आतड्याची लांबी माणसागणिक खूप बदलते, कुणाची चार मीटर तर कुणाची आठ. दोन मीटर वगळले तर पहिल्याचं निम्मं गेलं, दुसऱ्याचं पाव. एकूण लांबी न मोजता २०० किंवा त्याहून जास्त वगळलं असेल, तर पुढचा सगळा विचार अधिक गांभीर्याने करायला हवा. वजन उतरवण्याच्या इतर शस्त्रक्रियांपैकी रू-एन-वाय (दोन जोडांच्या) बायपासमध्ये हा धोका कमी, ड्युओडेनल स्विचमध्ये सर्वांत जास्त.

आता रिपोर्ट. बायपासच्या रुग्णात यातला एकही आकडा सुटा वाचायचा नसतो, प्रत्येकाला जोडीदार लागतो, म्हणजे सोबत दुसरी एखादी तपासणी बघावी लागते.

आयएनआर १.५ बघून तुम्ही सर्वांत जास्त घाबरला आहात. आयएनआर वाढण्याची दोन कारणं: यकृत गोठण्याचे घटक बनवू शकत नाही, किंवा ते बनवायला लागणारं व्हिटॅमिन के शोषलं जात नाही. के चरबीत विरघळतं, आणि पातळ, तेलकट शौचातून चरबीबरोबर तेही निघून जातं. दोन्हींत फरक करणं सोपं आहे: डॉक्टरांच्या देखरेखीखाली १० मिलिग्रॅम व्हिटॅमिन के शिरेतून सावकाश देऊन २४ तासांनी आयएनआर पुन्हा बघायचा. खाली आला तर दोष शोषणात होता. तसाच राहिला तर यकृताची निर्मितीच कमी झालीय, आणि मग यकृततज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात जायचं. तोंडाने के देऊन ही चाचणी होत नाही, कारण शोषणच संशयात आहे.

अल्कलाइन फॉस्फटेज २१० हे यकृताचं असेलच असं नाही, ते हाडांतूनही येतं. सोबत जीजीटी करा, हे एन्झाइम हाडांतून येत नाही. जीजीटी सामान्य असेल तर हाडांकडे बघायचं: २५-हायड्रॉक्सी डी (व्हिटॅमिन डीची तपासणी), कॅल्शियम आणि कॅल्शियमवर नियंत्रण ठेवणारं पॅराथायरॉइड हार्मोन. बायपासनंतर कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडातून काढतं आणि हा आकडा चढतो. 'यकृताचा रिपोर्ट खराब' म्हणून कॅल्शियम बंद केलं, तर अशा माणसाचं हाड आणखी झिजतं. जीजीटीही वाढलं असेल तर सोनोग्राफीत पित्तनलिका आणि पित्ताशय बघावं लागेल, कारण झपाट्याने वजन उतरताना पित्ताचे खडे फार होतात.

बी-१२ पंधराशेच्या वर, म्हणजे भरपूर साठा आहे असं समजू नका. यकृताच्या पेशींना इजा झाली की त्यांच्यातलं साठवलेलं बी-१२ रक्तात सांडतं. दुसरं, तुमचं १० मिलिग्रॅम बायोटिन. बऱ्याच प्रयोगशाळांच्या यंत्रांत तपासणीच बायोटिनच्या आधारे चालते, आणि रक्तात ते जास्त असलं की आकडे चुकतात: बी-१२ आणि डी खोटे जास्त, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि पॅराथायरॉइड खोटे कमी. पुढच्या रक्ततपासणीआधी किमान तीन दिवस बायोटिन बंद ठेवा. खरं तर पुन्हा सुरूच करू नका. बायपासनंतर केस गळतात ते प्रथिनं, लोह, झिंक कमी पडल्याने आणि वजन वेगाने उतरल्याने. बायोटिनची कमतरता क्वचितच असते. बी-१२ बद्दल शंका उरली तर मिथाइलमॅलोनिक आम्ल मोजतात, बी-१२ खरंच कमी असेल तर ते वाढतं. तोवर बी-१२ चालू राहू द्या.

फेरिटिन ३४० वाचून लोह बंद करण्याची घाई नको. फेरिटिन सूज, संसर्ग, चरबीयुक्त यकृत यांतही वाढतं. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातल्या लोहवाहक प्रथिनाचा किती भाग लोहाने भरलाय ते) आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी तपासणी) सोबत बघा. सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली असेल तर फेरिटिन ३४० असूनही लोह कमी असू शकतं. ४५ टक्क्यांवर असेल तर मात्र लोह थांबवून कारण शोधायचं.

सर्वांत जास्त घोळ व्हिटॅमिन ए मध्ये होतो, म्हणून इथे जरा थांबतो. ए यकृतात साठतं. तिथून ते रक्तात येतं एका वाहक प्रथिनाच्या पाठीवर. हे वाहक यकृत बनवतं, आणि त्यासाठीही प्रथिनं आणि झिंक लागतात. प्रथिनं कमी असतील तर कोठार भरलेलं असूनही माल बाहेर काढायला गाडी नसते. रक्तात ए कमी दिसतं, रुग्णाला आणखी ए दिलं जातं आणि ते यकृतात साठत राहतं. जादा रेटिनॉल यकृताच्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशींत जमतं. ह्याच पेशी पुढे व्रणतंतू तयार करतात. मल्टिव्हिटॅमिनमधलं १०,००० आणि वेगळे २५,००० धरले तर तुम्ही रोज ३५,००० युनिट घेताय. निरोगी प्रौढासाठी रेटिनॉलची सुरक्षित कमाल मर्यादा १०,००० युनिट आहे, आणि महिनोन्महिने घेतलेली मोठी मात्रा यकृताला इजा करते. बायपासच्या सगळ्या गोळ्यांत यकृताला खरोखर धोका देऊ शकणारी ही एक. रेटिनॉलबरोबर वाहक प्रथिन आणि झिंकही मोजून घ्या. अंधारात दिसायला कमी झालं असेल तर ते आधी सांगा. तेव्हा ए द्यावंच लागतं, फक्त मोजून आणि देखरेखीखाली. मल्टिव्हिटॅमिनमधलं १०,००० तसंच राहू द्या, बायपासच्या रुग्णाला ते लागतं.

प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) तुम्ही लिहिलेल्या नाहीत, त्या हव्यात. वय, एएसटी, एएलटी आणि प्लेटलेट यांवरून यकृतातल्या व्रणाचा अंदाज देणारा फिब-४ नावाचा आकडा काढतात. वय गुणिले एएसटी, या गुणाकाराला (प्लेटलेट हजारांत गुणिले एएलटीचं वर्गमूळ) याने भागायचं. तुमच्या आकड्यांनी, प्लेटलेट २,१०,००० असतील तर उत्तर १.८ येतं, १,२०,००० असतील तर ३.२. १.३ खाली निर्धास्त, २.६७ वर यकृतात जून व्रण असण्याचा संशय, मध्ये असेल तर फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी). काही जणांना शस्त्रक्रियेआधीच सिरोसिस (व्रणांनी कडक झालेलं यकृत) असतो आणि कुणाच्या लक्षात आलेला नसतो. हिपॅटायटिस बी आणि सी, स्वयंप्रतिकार आजाराच्या चाचण्याही याच वेळी उरका. अल्ब्युमिन लघवीतून तर जात नाही ना, हे साध्या लघवी तपासणीत कळतं.

आता गोळ्या. थायमिन (बी-१) रोज किमान १२, शक्यतो ५० मिलिग्रॅम. उलट्या होत असतील तर ही गोळी सगळ्यांत महत्त्वाची: थायमिन काही आठवड्यांत संपतं, आणि डोळे तिरळे होणं, चालताना तोल जाणं, गोंधळणं सुरू झालं की शिरेतूनच द्यावं लागतं, तेही ग्लुकोजच्या आधी. बी-१२ रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. फॉलिक आम्ल ४०० ते ८०० मायक्रोग्रॅम. पाळी चालू आहे तोवर लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम, आणि हा आकडा शुद्ध लोहाचा, गोळीतल्या संयुगाचा नव्हे. कॅल्शियम सायट्रेटच्या रूपात १२०० ते १५०० मिलिग्रॅम, एका वेळी ५०० च्या आसपास, म्हणजे दिवसातून तीनदा. जेवणासोबत घेतलं तर ते अन्नातलं ऑक्झलेट बांधतं आणि मूत्रखड्यांचा धोका कमी होतो. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. थायरॉइडची गोळी असेल तर तिच्यापासून दोन्ही चार तास लांब. डी ३००० युनिटपासून सुरू करून रक्तातली पातळी ३० च्या वर जाईपर्यंत. शौच तेलकट असेल तर ए, डी, ई, के तेलाच्या कॅप्सूलऐवजी पाण्यात मिसळणाऱ्या रूपात घ्या. नाहीतर कॅप्सूल जशी गेली तशी निघून जाते.

झिंक सुटं घेऊ नका. जादा झिंक तांब्याचं शोषण अडवतं, म्हणून ८ ते १५ मिलिग्रॅम झिंकमागे १ मिलिग्रॅम तांबं हे प्रमाण पाळतात. तांबं कमी पडलं की पांढऱ्या पेशी घटतात आणि पायांतली संवेदना जाऊ लागते. रक्तात सेरुलोप्लाझ्मिन हे तांबं वाहणारं प्रथिनही कमी दिसतं, आणि वाढलेल्या एएलटीसोबत ते बघून विल्सन आजाराचा (यकृतात तांबं साठण्याचा आजार) चुकीचा शिक्का बसू शकतो. विल्सनमध्ये तांबं काढणारी औषधं देतात, म्हणजे रोगाच्या बरोबर उलट उपचार.

व्हिटॅमिन ईची मोठी मात्रा चरबीयुक्त यकृतावर सुचवली जाते. तुमचा आयएनआर वाढलेला असताना ती स्वतःहून सुरू करू नका, ई जास्त झालं की केच्या कामात आडवं येतं.

ग्रीन टीच्या कपात धोका नाही. अर्काच्या गोळीत मात्र ईजीसीजी हे चहातलं रसायन एकवटलेलं असतं. रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतल्यावर एएलटी वाढलेलं दिसलं आहे, रिकाम्या पोटी जोखीम अधिक. मिरीच्या अर्कासोबत दिलेला हळदीचा संहत अर्क आणि अश्वगंधेच्या कॅप्सूल यांनीही काही जणांना कावीळ झाली आहे. लिव्हर टॉनिकमधली मिल्क थिसल ही वनस्पती एकटी फारशी अपायकारक नाही, पण तुमच्या आजाराचं कारण ती दूर करत नाही, आणि दहा-बारा घटकांच्या मिश्रणात कशाने काय झालं हे कुणालाच सांगता येत नाही. दुखण्यावर पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमपर्यंतच, कारण उपासमारीत यकृतातलं ग्लुटाथायोन, जे पॅरासिटामॉलचं विष निकामी करतं, तेच कमी असतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या वेदनाशामकांनी जोडाच्या ठिकाणी अल्सर होतो, ती टाळाच. मद्य शून्य. बायपासनंतर ते रक्तात झपाट्याने आणि जास्त चढतं.

आता प्रोटीन, म्हणजे मुख्य उपचार. यकृत बिघडलं की प्रथिनं कमी करायची ही जुनी शिकवण मागे पडली आहे. सिरोसिसमध्येसुद्धा आज दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम देतात. तुमचं योग्य वजन ५८ किलो धरलं तर १.५ प्रमाणे ८७ ग्रॅम. यातलं सगळं शोषलं जात नाही, आतडं फार वगळलं असेल तर पाव भाग किंवा त्याहून जास्त वाया जातं, त्यामुळे आहारतज्ज्ञ आकडा आणखी वर नेऊ शकतात. एका बैठकीत इतकं जाणार नाही. दिवसाचे सहा भाग करा, प्रत्येकी १५ ग्रॅम. एक अंडं म्हणजे ६ ग्रॅम, १०० मिली दूध म्हणजे ३ ग्रॅमच्या थोडं वर, व्हे पावडरच्या ३० ग्रॅमच्या मापात २० ते २५ ग्रॅम. लेबलवर प्रथिनाचा आकडा बघा, मापाचं वजन नव्हे. कोलॅजन पावडर यात धरू नका. तिच्यात ट्रिप्टोफॅन नसतं, नुसत्या कोलॅजनवर अल्ब्युमिन चढत नाही. शेवटचा भाग झोपण्यापूर्वी आणि सोबत थोडं पिष्टमय घ्या, म्हणजे रात्रभरच्या उपासात शरीर स्नायू मोडत नाही. तीन दिवस सगळं वजन करून लिहा, ताटात उरलेलं आणि उलटून पडलेलंही. ७० ग्रॅम घेतोय असं वाटणारे बरेचदा ४० वर निघतात.

खरोखर ८७ जात असतील आणि तरी अल्ब्युमिन हलत नसेल, तर गळती शोषणात आहे. डॉक्टर जेवणासोबत स्वादुपिंडाची विकरं, म्हणजे अन्न पचवणारी एन्झाइम, देऊन बघू शकतात. ती पहिल्या घासाबरोबर घ्यायची, जेवून झाल्यावर घेतली तर अन्न पुढे गेलेलं असतं. आतड्यात जिवाणूंच्या वाढीचा संशय असेल तर रिफॅक्झिमिन किंवा मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकांचा कोर्स देतात. ही वाढ ओळखायची श्वासाची चाचणी बायपासनंतर फसवते, कारण अन्न मोठ्या आतड्यात फार लवकर पोचतं. परिणाम आठवड्यात मोजू नका. अल्ब्युमिनचं अर्धायुष्य सुमारे वीस दिवसांचं आहे, तीन-चार आठवड्यांनी बघा.

काही लक्षणांना मात्र वाट पाहायची नाही: डोळे पिवळे होणं, पोटात पाणी, काळी शौच, ताप, सतत उलट्या, आणि गोंधळ किंवा दिवसा गुंगी. गोंधळ असेल तर अमोनिया मोजायला सांगा. बायपासनंतर यकृताचे इतर आकडे बरे असतानाही अमोनिया चढू शकतो, झिंक आणि प्रथिनांची कमतरता त्यामागे सापडते. रुग्णालयात नळीने किंवा शिरेतून पोषण सुरू करायची वेळ आली, तर ते अतिसावकाश व्हायला हवं. फार खंगलेल्या माणसाला पहिल्या दिवशी दर किलोला १० कॅलरीच्या वर देत नाहीत, आणि फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रोज मोजतात. भुकेल्या पेशी अन्न मिळताच रक्तातलं फॉस्फेट ओढून घेतात आणि हृदय अडचणीत येतं.

शस्त्रक्रिया उलटवण्याबद्दल तुम्ही भीत भीत विचारलं आहे. महिना-दीड महिना पुरेसं प्रोटीन, विकरं आणि जिवाणूंवर उपचार करूनही अल्ब्युमिन ३ च्या खाली राहिलं, किंवा केच्या इंजेक्शननंतरही आयएनआर उतरला नाही, तर हा विषय शल्यचिकित्सकांपुढे तुम्हीच काढा. वगळलेलं आतडं कमी करणं किंवा पूर्ववत जोडणं, दोन्ही शक्य असतं, आणि आधी पोषण भरून घेतलं तर शस्त्रक्रिया झेपते. कावीळ आणि पोटातलं पाणी होईपर्यंत थांबलं तर भूलच धोक्याची ठरते. वजन परत वाढेल म्हणून अनेक जण हे पुढे ढकलतात. वाढलेलं वजन पुन्हा उतरवायचे मार्ग आहेत, त्यामुळे त्या भीतीपायी ही चर्चा लांबवू नका. भेटीला जाताना शस्त्रक्रियेची नोंद, तीन दिवसांची आहाराची वही आणि सगळ्या बाटल्या लेबलांसकट सोबत न्या.